व्यापारी बँकांतील कर्ज-निर्लेखन : करनियोजन व कंपनी सुशासन यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यापारी बँकांच्या करनियोजनाची चर्चा बहुधा वाचलेल्या कराच्या आकड्यापाशी थांबते, तर कंपनी सुशासनाची चर्चा संचालक मंडळाच्या रचनेपाशी. बुडीत कर्जांच्या तांत्रिक निर्लेखनात मात्र हे दोन्ही विषय एकत्र येतात. प्रस्तुत लेखात या एका व्यवहाराच्या आधारे त्यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा केली आहे.

करकायद्याची भूमिका :
आयकर कायदा, १९६१ च्या कलम ३६ ने संशयित कर्जांसाठी केलेल्या तरतुदीच्या वजावटीस मर्यादा घातली होती. २०१७ च्या वित्त कायद्यानंतर भारतीय अनुसूचित बँकांसाठी ती एकूण उत्पन्नाच्या ८.५ टक्के अधिक ग्रामीण शाखांच्या सरासरी कर्जांच्या १० टक्के इतकी होती. या मर्यादेबाहेरील कर्जांची वजावट त्यांचे निर्लेखन केल्यावरच मिळू शके. विजया बँक प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रक्कम नफा-तोटा खात्यास नावे टाकून ताळेबंदातील येणे कर्जांतून वजा केली असल्यास प्रत्येक कर्जदाराचे खाते बंद करण्याची आवश्यकता नाही. रिझर्व्ह बँकेनेही शाखेच्या पुस्तकात येणे कायम ठेवून मुख्य कार्यालयाच्या पातळीवर निर्लेखनाची मुभा दिली. अशा निर्लेखनाने कर्जदाराचे देणे संपत नाही. म्हणून त्यास कर्जमाफी म्हणणे चुकीचे ठरते.

करबचतीची मर्यादा :
तथापि, निर्लेखन वैध आहे एवढ्यावरून ते पुरेसे ठरत नाही. २०१९ मध्ये लागू झालेल्या सवलतीच्या दराने, म्हणजे अधिभार व उपकरासह सुमारे २५.१७ टक्क्यांनी, १०० कोटी रुपयांच्या निर्लेखनातून २५.१७ कोटींचा कर वाचतो. उरलेल्या जवळपास ७५ कोटींचा भार भागधारकांवरच राहतो. पुढे वसुली झाल्यास ती रक्कम करपात्र उत्पन्न ठरते. करनियोजन तोट्याचा चौथा हिस्सा हलका करते. उरलेले तीन हिस्से वसुलीवरच अवलंबून असतात.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, अनुसूचित व्यापारी बँकांनी आधीच्या पाच आर्थिक वर्षांत १०,०९,५११ कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. याच काळात निर्लेखित खात्यांतून १,३२,०३६ कोटी रुपये वसूल झाले. या वसुलीत त्यापूर्वी निर्लेखित झालेल्या कर्जांचाही भाग असू शकतो. त्यामुळे या दोन आकड्यांचे गुणोत्तर काटेकोर मानता येणार नाही. तरीही दोहोंतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. ताळेबंदाची स्वच्छता, करलाभ आणि भांडवलाचा योग्य वापर ही निर्लेखनाची कारणे त्याच उत्तरात दिली होती.

सुशासनाचा प्रश्न :
निर्लेखनामुळे कर वाचतो आणि एक रुपयाही वसूल न होता ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण घटते. व्यवस्थापनास मिळणाऱ्या या दोन्ही लाभांचा वसुलीशी संबंध नाही. तो प्रस्थापित करणे हे संचालक मंडळाचे काम होय. धोरण व जोखीम या विषयांना मंडळांच्या बैठकांत पुरेसा वेळ मिळत नाही, या त्रुटीकडे नायक समितीने २०१४ मध्ये लक्ष वेधले होते. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोड व तांत्रिक निर्लेखनासाठी मंडळमान्य धोरण आवश्यक केले आणि निर्लेखित खात्यांतील वसुलीचा अहवाल मंडळापुढे येईल, अशी व्यवस्था सांगितली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु अहवाल मंडळापुढे येणे आणि मंडळाने त्यावर जाब विचारणे या भिन्न गोष्टी आहेत.

समारोप :
निर्लेखनाच्या एकत्रित रकमेवरून भागधारकास वा ठेवीदारास फारसा बोध होत नाही. कोणत्या वर्षी किती कर्ज निर्लेखित झाले, त्यावर किती कर वाचला आणि त्याच वर्षाच्या कर्जांतून पुढे किती वसुली झाली, हे तिन्ही आकडे वार्षिक अहवालात शेजारी-शेजारी मांडले गेले पाहिजेत. करनियोजनाचे यश वाचलेल्या करावर मोजले जाईल, तोवर वसुलीतील अपयश त्याआड झाकले जाण्याचा धोका कायम राहील.