मँचेस्टरची तेरा मिनिटं

सोहोनी नाबाद 11. हिंडलेकर नाबाद 4. भारत 9 बाद 152.

23 जुलै 1946ची संध्याकाळ, ओल्ड ट्रॅफर्ड. धावफलकाच्या तळाशी असलेल्या या ओळी मी शाळेत असताना वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्याच वहीत पुढेमागे द्विशतकं आहेत, त्रिशतकं आहेत. तरीही वही उघडली की बोट जातं ते या अकरा धावांवर. एका डावात फलंदाजीचा सगळा रस सापडायला शंभर धावा लागत नाहीत, हे मला या ओळीनं शिकवलं.

प्रसंग असा होता. भारतासमोर 278 धावांचं लक्ष्य होतं आणि वेळ होता साधारण तीन तासांचा. जिंकायचा विचार लवकरच मागे पडला, प्रश्न उरला तो वाचायचा. सरेचा अ‍ॅलेक बेडसर एका टोकानं गडी उचलत होता; पडलेल्या नऊपैकी सात त्याचे, 52 धावांत. दुसऱ्या टोकाला लँकेशायरचा डिक पोलार्ड. शेवटचा गडी म्हणून यष्टिरक्षक दत्ताराम हिंडलेकर मैदानात आले तेव्हा तेरा मिनिटं उरली होती. एक चेंडू चुकला की कसोटी गेली.

तेरा मिनिटं म्हणजे किती, हे घरी बसून कळत नाही. डोंबिवलीहून ठाण्याला निघालेली धीमी लोकल तेवढ्या वेळात मुंब्र्याच्या पुढे फारशी जात नाही. पण क्षेत्ररक्षक हात पसरून बॅटच्या अवतीभवती उभे असताना, तंबूत दुसरं कोणी उरलेलं नसताना, तीच तेरा मिनिटं संपता संपत नाहीत. अशा वेळी फलंदाजाला दोन गोष्टी करायच्या असतात आणि दोन्ही स्वभावाच्या उलट असतात. हातांना चेंडूकडे जायची घाई असते, ते मागे ठेवायचे. बॅटची मूठ सैल धरायची, म्हणजे चेंडू लागला तरी पुढ्यातच मरून पडतो, जवळच्या हातांपर्यंत उडत नाही. आणि जो चेंडू यष्टींवर नाही तो सोडून द्यायचा. सोडलेला चेंडू धावफलकात कुठेच दिसत नाही. म्हणून या डावात अकरा या आकड्याला फारसं मोल नाही. मोल आहे ते त्याच्या आधीच्या तीन अक्षरांना: नाबाद.

सोहोनींची कारकीर्द वाचताना मला समोरच्या पोलार्डचीही आठवण ठेवावीशी वाटते. सोहोनींसारखाच तोही ओल्ड ट्रॅफर्डच्या आपल्या घरच्या मैदानावर त्या सामन्यात पहिल्यांदाच कसोटी खेळत होता, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. पहिल्या डावात त्यानं 24 धावांत 5 गडी घेतले होते. 1933 पासून तो लँकेशायरसाठी राबत होता. काउंटी क्रिकेटचं ते जग वेगळंच: उन्हाळाभर आठवड्याला सहा दिवस खेळ, आज या गावी, उद्या त्या गावी. त्यातून घडलेला गोलंदाज कसोटीत उतरला की नवखा वाटत नाही. महायुद्धानं मधली सहा वर्षं खाऊनही पोलार्ड 298 प्रथम श्रेणी सामने खेळला आणि 1122 बळी घेऊन थांबला.

रंगा सोहोनी खेळले 108 सामने, साधारण पंचवीस वर्षांत.

या दोन आकड्यांमधलं अंतर गुणवत्तेचं नाही. रणजी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. पहिल्याच सामन्यात हरलात तर पॅड गुंडाळायचे आणि पुढच्या वर्षाची वाट पाहायची. अशा तुटपुंज्या खेळावर 4307 धावा आणि 232 बळी उभे करणं मला थोर वाटतं. पोलार्डला चूक सुधारायला पुढचा बुधवार होता, सोहोनींना पुढचा हिवाळा.

श्रीरंग वासुदेव सोहोनी यांचा जन्म 5 मार्च 1918चा, राजपुतान्यातल्या निंबाहेड्याचा. पण खेळाडू म्हणून ते घडले महाराष्ट्राच्या संघात, प्रा. दि. ब. देवधरांच्या नजरेखाली. नव्या चेंडूवर मध्यमगती गोलंदाजी आणि वर फलंदाजीला खंबीर. देवधरांच्या महाराष्ट्रानं 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. यातल्या दुसऱ्या मोसमात सोहोनींनी 655 धावा केल्या, सरासरी 131ची, त्यात पश्चिम भारताविरुद्ध नाबाद 218. चौकार-षटकारांच्या बाजूनं पाहणाऱ्यानं खुशाल तिथे थांबावं. तो सोहोनींचा भर वैभवाचा काळ. त्याच मोसमात पुण्याला महाराष्ट्रानं मुंबईविरुद्ध 675 केले, देवधरांचे 246, वय अठ्ठेचाळीस. मुंबईनं 650पर्यंत पाठलाग केला आणि त्यात खंडू रांगणेकरांचे 202 होते.

रांगणेकर आमच्या ठाण्याचे. डावखुरे, आक्रमक, कव्हरला चित्त्यासारखे धावणारे, शिवाय बॅडमिंटनचे पट्टीचे खेळाडू. पुढे ते ठाणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. दादोजी कोंडदेव क्रीडागृहाजवळच्या बॅडमिंटन हॉलला त्यांचं नाव आहे. पहाटे तिथे शटलचा आवाज सुरू होतो, मुलं पाटी न वाचता आत पळतात. 1947-48 साली लाला अमरनाथांच्या संघातून सोहोनी आणि रांगणेकर ऑस्ट्रेलियाच्या एकाच दौऱ्यावर होते. ब्रॅडमनच्या त्या संघानं भल्याभल्यांची दाणादाण उडवली. रांगणेकरांच्या तीन कसोटींत 33 धावा. सोहोनींच्या एकूण चार कसोटींत 83 धावा आणि दोनच बळी, एकेक 101 धावांना पडलेला.

हे आकडे झाकायचं कारण नाही. पण कारकीर्दीचं माप म्हणून ते पुढे केले जातात तेव्हा मला मनापासून राग येतो. काउंटीच्या खेळाडूला इंग्लंडमध्ये त्याच्या काउंटीनं ओळखतात, कसोटी ही वरची साय. आपण मात्र साय नाही म्हणून दूधच नाही असं म्हणतो. सोहोनी महाराष्ट्राकडून खेळले, बडोद्याकडून खेळले, मुंबईकडून खेळले, आणि 1953-54 साली मुंबईचे कर्णधार म्हणून रणजी करंडक त्यांनी उचलला. ज्यांच्या गोलंदाजीला एकेकाळी सामोरं जायचं, त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये पुढारीपण करायचं आणि जिंकायचं, हे साधं काम नाही. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना ‘खडूस’ हा शब्द फार प्रिय. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही फुकट द्यायचं नाही. मला वाटतं, मँचेस्टरच्या त्या संध्याकाळी सोहोनी या शब्दाचा अर्थ आधीच खेळून दाखवून आले होते.

19 मे 1993 रोजी सोहोनी ठाण्यात वारले, पंचाहत्तर वर्षांचे होऊन. त्यांचे गुरू देवधर तेव्हा हयात होते. ते शंभरी ओलांडून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

रविवारी ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर कधी थांबलो की मी शेवटच्या जोडीची वाट पाहतो. कल्याण-डोंबिवलीकडची मुलं पहाटेच्या लोकलनं, पाठीवर स्वतःएवढी किटबॅग घेऊन आलेली असतात. त्यांच्यातला अकरावा मुलगा बहुधा गोलंदाज असतो, हेल्मेट दुसऱ्याचं, ग्लोव्हज सैल. तो गार्ड घेतो, लेगस्टंपसमोर बुटाच्या टोकानं रेघ ओढतो. पहिला चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर पडतो आणि तो बॅट उंच नेऊन सोडून देतो. बाकी कोणी टाळी वाजवत नाही. मी वाजवतो.

त्या 1946च्या मालिकेत भारत लॉर्ड्सची कसोटी दहा गडी राखून हरला होता, ओव्हलची अनिर्णित राहिली. मालिका 1-0 अशी गेली. मँचेस्टर गेलं नाही. बेडसर आणि पोलार्ड गोलंदाजी करून थकले, घड्याळ पुढे सरकलं, आणि एक ठाणेकर होणारा आणि एक कोकणातला, असे दोघे तंबूकडे परतले, बॅट काखेत धरून.