कडुनिंबाचं तेल आणि ‘१२ तास’: एक संदर्भ तपासताना

वनस्पतिजन्य तेलं आणि डास या विषयावरचा सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं: ‘कडुनिंबाचं तेल डासांपासून १२ तास संरक्षण देतं.’ माझ्याही मसुद्यात ते होतं. मूळ निबंध वाचल्यावर मी ते खोडलं.

मूळ आहे शर्मा, अन्सारी आणि राझदान यांचा १९९३ चा निबंध. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंब तेल मिसळून स्वयंसेवकांच्या उघड्या अंगाला लावलं. १२ तास संपूर्ण संरक्षण मिळालं. साहित्य स्वस्त, पद्धत सोपी, ही या कामाची ताकद. पण १२ तासांचा दावा अ‍ॅनॉफिलिस, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासांपुरताच आहे. शीर्षकात मात्र नुसतं ‘डास’ आहे, आणि आपण शीर्षकावरूनच संदर्भ देतो! डेंग्यूचा एडीस वेगळा, तो दिवसा चावतो. परभणीत डेंग्यूच्या भीतीनं कुणी हे तेल लावून निर्धास्त राहिलं, तर चूक आपल्या वाक्याची.

पुढे १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात खोबरेलात १ ते ४ टक्के कडुनिंब तेल मिसळून वापरलं गेलं. अ‍ॅनॉफिलिसपासून १२ तासांत संरक्षण मिळालं ८१ ते ९१ टक्के. म्हणजे तेल न लावलेल्याला १०० डास चावले, तर लावलेल्याला ९ ते १९ चावलेच. तास तेच, पण ‘संपूर्ण’ हा शब्द गेला.

आता मोजपट्टी बघा. फ्राडिन आणि डे यांनी २००२ मध्ये प्रयोगशाळेत, एडीस डास सोडलेल्या पिंजऱ्यात हात घालायला लावून पहिल्या चाव्यापर्यंतचा वेळ मोजला. २३.८ टक्के डीट सुमारे ५ तास टिकलं, सोयाबीन तेलाचं उत्पादन साधारण ९५ मिनिटं, सिट्रोनेलाची उत्पादनं २० मिनिटंसुद्धा नाहीत. टक्केवारी आणि पहिल्या चाव्याची वेळ या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकाच तक्त्यात शेजारी मांडून तुलना करू नका.

आणखी एक गल्लत आपल्याकडची. कापसावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात, तो पीक खाणाऱ्या किडींसाठी. त्यावरून त्वचेवर डासांविरुद्ध परिणाम सिद्ध होत नाही.

संदर्भ देण्याआधी तीन गोष्टी विचारा: डास कोणता? मोजलं काय? तुलनेच्या गटाला नुसतं खोबरेल तेल लावलं होतं का?

माझं नवं वाक्य लांबलंय: ‘खोबरेलातील १ ते ४ टक्के कडुनिंब तेलामुळे क्षेत्रीय चाचण्यांत अ‍ॅनॉफिलिसचे चावे १२ तास बरेच कमी झाले.’ पण व्हायव्हाला हेच टिकेल.