न वाढणारे गुप्तहेर : दीर्घ रहस्यमालिकांच्या आकर्षणाचा एक विचार
(‘फास्टर फेणे’ व ‘डिटेक्टिव्ह कोनान’ यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

रहस्यकथेचे आकर्षण उत्कंठेत असते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत एकट्या कथेपुरते खरे आहे. दीर्घ मालिकेला ते पुरत नाही. उकललेल्या कोड्यात उत्कंठा उरत नाही आणि शंभरावे कोडे पहिल्यासारखेच सुटणार हे वाचकाला ठाऊक असते. तरीही वाचक पुन्हा पुन्हा त्याच गुप्तहेराकडे वळतो. तो का वळतो, या प्रश्नाचा एक मराठी व एक जपानी मालिका समोर ठेवून विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरा

मराठी वाचकाला मालिकेची सवय बाबुराव अर्नाळकरांनी लावली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे होते. या पुस्तकांचा वाचनालयांत खप मोठा होता. समीक्षेने मात्र त्यांना ‘करमणूक’ या एका शब्दात निकालात काढले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला बालसाहित्याचा आधार मिळाल्याने त्याच्या वाट्याला अधिक आदर आला. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवरून भरधाव निघतो, ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो आणि मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले नेमके हेरतो.

जपानमध्ये या प्रकाराचा पाया एदोगावा राम्पो (१८९४-१९६५) यांनी घातला. एडगर अ‍ॅलन पो या नावावरून त्यांनी आपले टोपणनाव घेतले. १९३६ पासून त्यांनी लिहिलेल्या कथांत बालगुप्तहेरांची टोळी आहे. गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही चित्रकथा जानेवारी १९९४ मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि १९९६ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका आली. चित्रकथेने २०२१ मध्ये शंभरावा खंड गाठला. त्याच वर्षी दूरचित्रवाणी मालिकेचा हजारावा भाग प्रसारित झाला. नायकाने धारण केलेल्या ‘एदोगावा कोनान’ या नावात राम्पो आणि कोनान डॉइल या दोघांचेही ऋण मान्य केलेले आहे.

गोठलेला काळ

शिनइची कुदो हा सतरा वर्षांचा विद्यार्थी विषप्रयोगामुळे लहान मुलाच्या देहात अडकतो. बुद्धी प्रौढाची आणि वय पहिलीतल्या मुलाचे, अशी ही रचना आहे. त्यामुळे त्याला प्रत्येक उकल दुसऱ्याच्या तोंडून वदवावी लागते. झोपेच्या सुईने बेशुद्ध केलेल्या मोरी कोगोरोचा आवाज काढून तो निष्कर्ष सांगतो. खरे जाणणाऱ्याला बोलण्याचा अधिकार नाही, हा अनुभव कोणत्याही बालवाचकाच्या ओळखीचा आहे. फेणेची स्थितीही फारशी वेगळी नाही. त्याचे म्हणणे मोठ्यांना पटते, पण उशिरा.

दोन्ही नायक वाढत नाहीत. कोनानच्या जगात सार्वजनिक दूरध्वनी जाऊन स्मार्टफोन आले, पण पात्रांचे वर्ष काही उलटले नाही. वास्तववादाच्या निकषावर हा दोष ठरतो. इतक्या थोड्या काळात इतके खून ही विसंगतीही उघड आहे. परंतु वाचक मोठा होतो आणि नायक तसाच राहतो, म्हणूनच परत येण्यासाठी एक ठिकाण शिल्लक राहते. २०१७ च्या मराठी चित्रपटाने फेणेला वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण केले आणि परीक्षेतील गैरव्यवहार त्याच्यासमोर ठेवला. काळाशी नाते जोडण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक होता. पण मोठ्यांच्या जगात मुलाने शहाणे असण्यातली मूळ गंमत त्यात उणावली, हेही मान्य करावे लागते.

स्मृतीचा प्रश्न

केवळ गोठलेला काळ मालिकेला तारत नाही. तसे असते तर प्रत्येक साचेबद्ध मालिका टिकली असती. ‘कोनान’मधील त्सुकिकागे बेटावरील प्रकरण येथे निर्णायक ठरते. आपल्या कुटुंबावरील अन्यायाचा सूड घेणारा खुनी गुन्हा उघड झाल्यावर आगीत स्वतःला संपवतो. कोनान त्याला वाचवू शकत नाही. तर्काच्या जोरावर गुन्हेगाराला कोंडीत पकडून मरू देणारा गुप्तहेर खुन्याहून वेगळा नाही, ही जाणीव तो पुढे बाळगतो. म्हणजे देह वाढत नाही, पण विवेक वाढतो. प्रत्येक भागातले छोटे कोडे मिटते. काळ्या पोशाखातील टोळीचे मोठे रहस्य आणि हे नैतिक ओझे मात्र पुढच्या भागात जाते.

अर्नाळकरांच्या कथांचे बळ वेगात आणि विपुलतेत होते. एका पुस्तकातील मृत्यूची सल दुसऱ्यात नेण्याची त्या प्रकाराला गरज वाटली नाही. ही उणीव दाखवणे म्हणजे त्यांचे श्रेय नाकारणे नव्हे. मात्र ‘कोनान’चीही बाजू निर्दोष नाही. मोठे रहस्य इतके लांबते की अनेक भाग केवळ जागा भरतात, आणि तेथे मृत्यू निव्वळ कोड्याचे साहित्य बनतो.

निष्कर्ष

दीर्घ मालिका टिकते ती उत्कंठेवर नव्हे, तर स्थिर नायक आणि साचत जाणारी स्मृती यांच्या ताणावर. मराठीपुढील प्रश्न यातूनच स्पष्ट होतो. अर्नाळकरांच्या वाचकाला गिरगाव ओळखीचे होते, फेणेच्या वाचकाला पुणे. कोनानचे बेइका हे उपनगर काल्पनिक असूनही त्याचे वाचक तेथे सहज वावरतात. सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० नंतर, आखून वसवलेल्या नवी मुंबईत वाढलेल्या पिढीची गुप्तहेराशी ओळख अनेकदा पडद्यावर, परभाषेतून होते. वाशी-नेरुळच्या सेक्टरांत, खाडीकाठी आणि विस्थापित गावठाणांत लपवलेल्या गोष्टी कमी नाहीत. त्या हेरणारा आणि विसरू न शकणारा एखादा मुलगा मराठीत निर्माण व्हायचा असेल, तर रहस्यकथेला ‘करमणूक’ म्हणून बाजूला सारण्याची सवय समीक्षेने प्रथम सोडली पाहिजे.