युद्धकालीन भित्तिपत्रक आणि मराठी अक्षरवळण

दुसऱ्या महायुद्धात (1939–45) वरळी कोळीवाड्यास उद्देशून काढलेले भासेल असे प्रचारपत्रक आज रचताना पिवळट कागद व किल्ल्याचे चित्र सहज साधते. फसगत होते ती अक्षरांत. दीर्घान्त ‘शत्रू’ 1962 च्या लेखननियमांनी रूढ केला. तत्पूर्वीची प्रमाण रूपे ‘शत्रु’, ‘नांव’, ‘दिवे झांका’ अशी. संगणकावरील अनेक अक्षरसंच हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ पुरवितात, तेही खटकतात. (‘वरळी कोळीवाडा’ तेवढा ‘ळ’मुळे बचावतो!) अशी प्रतिकृती वर्गात अस्सल साधन म्हणून दाखविली गेल्यास विद्यार्थ्याची दृष्टीच बिघडते. म्हणून रचनेचे खरे वर्ष कोपऱ्यात छापावे. मथळा मात्र हातानेच रेखाटावा. लिथोच्या दगडावर हाताने काढलेल्या मथळ्यात दोन ‘क’ तंतोतंत सारखे नसत.