हुकलेल्या गोळीची किंमत

पानिपत जिंकलं असतं तर? हा प्रश्न मराठी माणूस अडीचशेहून अधिक वर्षं विचारतो आहे. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेत ते जिंकून दाखवलं. कथेची खरी गंमत विजयानंतर सुरू होते.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, सैन्याचा धीर सुटला. कथेतल्या बखरीत तीच गोळी कानाला चाटून जाते. फरक एवढाच. पुढे पेशवे दिल्लीच्या गादीला नावापुरतं ठेवतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी अडकून पडते. पण नारळीकर सगळं यश त्या गोळीच्या पदरात टाकत नाहीत. त्यांचे पेशवे विज्ञान-तंत्रज्ञानाचं महत्त्व वेळीच ओळखून स्वतःची केंद्रं उभारतात, म्हणून ते राज्य टिकतं. लढाई एका दिवसात जिंकता येते, प्रयोगशाळा नाही, हे शास्त्रज्ञाचं शहाणपण.

माझ्यासारख्या नागपूरकराला ही कथा वाचताना हिशेब मांडायचा मोह होतोच. त्या जगात 1817 ची भोसले-इंग्रजांची सीताबर्डीची लढाई झालीच नसती. 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले तरी राज्य खालसा करायला गव्हर्नर जनरल डलहौसी नसता. महालातलं राज्य राहिलं असतं. छान! पण मग इंग्रजांच्या मोजणीचा झिरो माइलचा खांब? 1867 ला आलेली रेल्वे, तिच्यामागून आलेला कापसाचा व्यापार, त्या व्यापारापाठोपाठ इथे येऊन स्थायिक झालेली कुटुंबं? त्यातलंच एखादं आपलं असेल तर?

नारळीकरांनी नेमकी इथेच सुई टोचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपत जिंकलेल्या त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत पोहोचतात आणि ग्रंथालयाआधी एका कचेरीत जाऊन मुलाची चौकशी करतात. स्वागतिका यादी चाळते. त्या नावाचं कुणी नाही, कुठल्याच शाखेत नाही. लेखक आकांत करत नाही, दोन-चार वाक्यांत प्रसंग संपवून पंतांना रस्त्यावर आणतो. कदाचित मुलगा इथे जन्मलाच नसेल, एवढा विचार त्यांच्या मनाला शिवून जातो. पराभवाची हळहळ आयुष्यभर अभ्यासलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की आपलं घर त्या पराभवाच्या अलीकडेच उभं आहे. अख्ख्या कथेत मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

आझाद मैदानावरचा प्रसंग त्यामानाने खट्याळ. व्यासपीठावर रिकामी खुर्ची दिसते आणि 999 सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना राहवत नाही. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्ष ही जमातच मोडीत काढलेली असते. अंडी-टोमॅटोंचा वर्षाव होतो. (आपल्या साहित्यवर्तुळात हा प्रसंग मोठ्याने वाचावा असा आहे. नारळीकर स्वतः 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हाही योग.) साम्राज्याची दिशा बदलली, माणसाची खुर्चीची ओढ बदलली नाही. मात्र पंत शहाणे होऊन परततात आणि हजाराव्या अध्यक्षपदाला नकार कळवतात.

शेवटचा उलगडा मला थोडा लांबलेला वाटतो. पंतांचा मित्र राजेंद्र देशपांडे आपत्ती-सिद्धान्त आणि पुंजभौतिकी समजावू लागतो तेव्हा कथाकाराच्या जागी वर्गातले शिक्षक बोलू लागतात. पण पंतांच्या खिशात नकळत राहिलेलं त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान हा पुरावा इतका नेमका आहे की व्याख्यान सोसवतं.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. त्यांची ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून देशभरच्या मुलांपर्यंत पोहोचली. घरात अकरावीचं मूल असेल तर त्याला मराठी कथाही वाचायला द्या, आणि कचेरीतल्या त्या प्रसंगाशी थोडं थांबायला सांगा.