पवित्रा आणि प्रहार

अमेरिकेतील स्वतंत्र कॉमिक्समधली युद्धकला जाणणारी नायिका समजून घ्यायची, तर आधी मालकीचा प्रश्न पाहावा लागतो. फ्रँक मिलरने १९८१ मध्ये ‘डेअरडेव्हिल’मध्ये आणलेली एलेक्ट्रा ही निन्जा मारेकरी वाचकांच्या मनात ठसली, पण हक्क मार्व्हलकडे असल्याने तिचे पुढे काय करायचे हे मिलरच्या हाती राहिले नाही. १९८४ मध्ये ईस्टमन आणि लेअर्ड यांनी स्वतः छापलेल्या ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’ला कॉमिक्सच्या दुकानांत मोठे यश मिळाले. काळ्या-पांढऱ्या छपाईतही कथा चालते आणि पात्रही आपले राहते, हे त्यातून अनेकांना उमगले.

त्याच वर्षी सुरू झालेल्या स्टॅन साकाई यांच्या ‘उसागी योजिंबो’त तोमोए आमे भेटते. मांजरीच्या रूपातली ही सामुराई गेइशू घराण्याच्या तरुण सरदाराची रक्षक आहे. तिचे नाव बाराव्या शतकातील तोमोए गोझेन या योद्ध्या स्त्रीवरून आले आहे. साकाई रक्त जवळजवळ काढतच नाहीत. मरणाऱ्याच्या तोंडून कवटीच्या आकाराचा एक छोटा फुगा निघतो, आणि तेवढ्यावर मृत्यू कळतो. त्यामुळे नजर खिळते ती पावलांवर, अंतरावर, तलवार उपसण्यापूर्वीच्या क्षणावर. तोमोएचे कौशल्य कुणी बोलून दाखवत नाही. ते एका चौकटीतून दुसरीत जाताना दिसते.

स्थिर चित्रात लढाईची कसोटी हीच असते. हालचाल कागदावर नसतेच, ती वाचक दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडवतो. चित्रकाराने नुसता पवित्रा काढला, तर प्रहार कुठेच घडत नाही.

नव्वदच्या दशकाने नेमका पवित्राच विकला. विल्यम टूची यांनी १९९४ मध्ये क्रुसेड या स्वतःच्या प्रकाशनातून ‘शी’ आणली. तिची नायिका ॲना इशिकावा. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आजोबांनी तिला लढाऊ भिक्षूंच्या परंपरेत तयार केलेले, आणि आईकडून आलेली कॅथलिक श्रद्धा मात्र प्रत्येक हत्येला पाप म्हणते. जपानीत ‘शी’ या उच्चाराचा एक अर्थ मृत्यू. कल्पना सकस होती. पण तिच्याभोवती जी ‘बॅड गर्ल’ लाट उसळली, तिच्यात मुखपृष्ठ हेच पुस्तक ठरले. कमरेत अशक्य वळलेली, तोकड्या कपड्यांतली, हाती शस्त्र असूनही कुणाशीच न लढणारी बाई एका अंकाच्या अनेक मुखपृष्ठांवर झळकू लागली. त्या लाटेतले फार थोडे आज पुन्हा वाचवते.

त्याच १९९४ मध्ये कॅलिबर या प्रकाशनाने प्रसिद्ध केलेली डेव्हिड मॅक यांची ‘काबुकी’ मात्र आजही ताजी आहे. उकिको ही चेहऱ्यावर व्रण असलेली, मुखवटा घालून ‘नो’ या गुप्त संस्थेसाठी मारेकरी म्हणून काम करणारी तरुणी. तिची आई ऐनू या आदिवासी समाजातली, जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामीत ढकललेली. सुरुवातीच्या काळ्या-पांढऱ्या भागांत कोयत्यांची झटापट आहे. पुढे मॅक जलरंग आणि चिकटचित्रांकडे वळले, लढाई मागे पडली. बंदिवासातली उकिको शेजारच्या कैदिणीकडून घडी घातलेल्या कागदी आकृतींतून निरोप मिळवते, ती पाने कोणत्याही द्वंद्वाहून अधिक श्वास रोखून धरायला लावतात.

२००४ मध्ये जिम रग आणि ब्रायन मरुका यांनी ‘स्ट्रीट एंजल’मध्ये जेसी सँचेझ उभी केली: बेघर, स्केटबोर्डवर फिरणारी, निन्जांच्या टोळ्या लोळवणारी शाळकरी पोर. तिच्या अंगावर दिखाऊपणाचा लवलेश नाही. एका अंकात तर लढाई जवळजवळ बाजूला राहते आणि भुकेली जेसी खाण्याच्या शोधात वणवण करते. निन्जांना हरवणाऱ्या मुलीला जेवण मिळत नाही, हे मरुका आणि रग यांना दिसले. नायिकेला शरीर असते आणि ते थकते, भुकेजते, हे या कलाप्रकाराला इतक्या उशिरा सुचावे, याची खंत वाटते.

इथे आलेल्या पाचही नायिका पुरुषांनी लिहिल्या आणि काढल्या आहेत. वेंडी पिनी यांनी पतीसह १९७८ पासून ‘एल्फक्वेस्ट’ स्वतःच्या बळावर चालवून स्त्री चित्रकाराला वाट मोकळी असल्याचे दाखवले होते. पण तलवारीची, मुठीची, लाथेची कथा त्यानंतरही बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिली.