चौकातून अंगणात

वारली चित्र घराच्या आतल्या भिंतीवर जन्मले. तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारे नाचणारे, भातलावणी, ताडावर चढणारा माणूस हे सारे नंतर ठळक झाले. आधी होता लग्नघरातला चौक, म्हणजे भिंतीवर काढायचे चौकोनी विधिचित्र. भिंत शेणमातीने सारवायची, तिच्यावर गेरू फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पातळ पाण्याने, टोक चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, सवासिणींनी चौक लिहायचा. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव. लग्नविधी चालवणारी धवलेरी गाणी म्हणत देवांना बोलावते आणि मग लग्न पुढे सरकते. चौकाखाली कोणाचे नाव नसते, कारण तो एकीचा नसतोच. चार हात एकाच वेळी एका भिंतीवर चालतात. पुढे धुराने भिंत काळवंडते आणि नव्या सारवणात चित्र निघून जाते.

हे घरही लक्षात घ्यायला हवे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा कौले, आणि खिडकी जवळजवळ नाहीच. माणसे, कोंबड्या, कणगीतले भात, चूल, बांधलेले जनावर, सगळे एका छपराखाली. तांबड्या-काळपट भिंतीवर पांढरी रेघ ही आज वारलीची ‘शैली’ म्हणून शिकवली जाते. त्या अंधाऱ्या खोलीत दाराच्या तिरप्या उजेडात दुसरा कोणताच रंग इतका स्पष्ट बोलला नसता. शैली तिथून आली, असे मला वाटते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या पाड्यांवर पोचले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवले होते. तिथेही लग्नाच्या खोलीतली, कोहबर-घरातली, बायकांनी काढलेली भिंतचित्रे होती आणि तिथेही कुलकर्णींनी बायकांच्या हाती कागद दिला. म्हणजे माणूस तोच, प्रसंग तोच, आणि चित्रही लग्नघराच्या आतलेच. पण मिथिलेत जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. डहाणूत नाव झाले ते एका पुरुषाचे, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री.

म्हसे यांच्या प्रतिभेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा ओढून सांगू लागले. २०१८ साली ते गेले तोवर त्या रेघेतली थरथर कमी झाली नव्हती. त्यांचे मासेमारीचे जाळे कागदभर पसरते तेव्हा एकेक गाठ श्वास घेते. २००३ साली ड्युसेलडॉर्फमध्ये ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे लागली, ती दया म्हणून नव्हे, बरोबरीने. पण त्यांच्या यशाने एक मोठा बदल झाला आणि त्याची चर्चा फार कमी होते. चौक हा विधी होता. तो केव्हा लिहायचा, कोणी लिहायचा, हे ठरलेले होते, म्हणून लिहिणाऱ्या बायकांनी तो विक्रीसाठी कागदावर उतरवताना हात आखडता घेतला असेल तर नवल नाही. पुरुषांवर तसे बंधन नव्हते. त्यांनी गोष्टी सांगायला घेतल्या आणि गोष्टी अंगणात, शेतात, जंगलात घडत होत्या. चित्र घराबाहेर पडले.

तरीही सुरुवातीच्या कागदांवर घराचे आत उरले होते, आणि काय थाटात उरले होते! घराची बाह्यरेषा काढायची आणि भिंत नाहीच असे समजून आतले सगळे मांडायचे. एक बाई जात्यावर, दुसरी चुलीपाशी, कोपऱ्यात कणगी, दाराशी कोंबडी. घर वरून पाहिले की समोरून, हे विचारायचे नाही. सतराव्या शतकात डेल्फ्टमध्ये डच चित्रकार पीटर द होख दारातून दुसरे दार आणि त्यातून तिसरी खोली दाखवत घराचे आत उलगडत होता. त्याला दार उघडे लागे. वारली चित्रकाराला तेही लागत नाही. खाजगी आणि सार्वजनिक अशी फाळणी नसलेल्या जगातून आलेली ही दृष्टी आहे, आणि भारतीय चित्रकलेत घर पाहण्याच्या ज्या मोजक्या स्वतंत्र रीती आहेत त्यांत मी तिला वरचे स्थान देईन.

आज ती रीत विरत चालली आहे. पालघर जिल्ह्यात शाळांच्या, कार्यालयांच्या, स्टेशनांच्या भिंतींवर वारली आहे. साड्या, कप, कुर्ते, पाकिटे यांवरही आहे. या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण बहुतेक ठिकाणी तेच तारप्याचे वर्तुळ, तीच बैलगाडी, आणि घर म्हणाल तर रिकामी त्रिकोणी झोपडी. आत कोणी नाही. विकणाऱ्याला मी दोष देत नाही, ज्याची मागणी तेच विकले जाणार. दोष आहे तो ‘वारली’ म्हणजे ‘नाच’ एवढेच मागणाऱ्या शहरी नजरेचा.

दरम्यान खरे घर पार बदलले. घरकुल योजनेत विटा-सिमेंटच्या भिंती आल्या, खिडकी आली, दिवा आला. हे हवेच होते. पण गेरू आणि पीठ कुडावर धरते तसे सिमेंटवर धरत नाही, आणि आत आता फ्रीज, टीव्ही, मोबाइलचा चार्जर आहे. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसत राहिले तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर तंबूत झोपली. आतले सगळे बाहेर आलेले ते घर सुरुवातीच्या कागदांवरच्या त्या पारदर्शक घरासारखेच होते. मला ते एकाही लक्षात राहण्याजोग्या चित्रात भेटलेले नाही.

त्याच जिल्ह्यातल्या बोईसरचे तर विचारूच नका. तारापूर एमआयडीसीच्या भोवती भाड्याच्या खोल्यांत हजारो संसार आहेत. एकाची रात्रपाळी संपते तेव्हा दुसऱ्याचा डबा भरला जातो, आणि एकाच खाटेवर दोघे आळीपाळीने झोपतात. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. किनाऱ्यावरची ती घरे, त्यांच्या पडव्या, सुकट वाळवायची अंगणे कोणी रंगात नोंदवली? मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या लग्नघरांना आणि सणवारांना चित्रकार धुरंधर मिळाले, लोअर परळ आणि ठाण्याच्या कामगारांना चित्रकार सुधीर पटवर्धन मिळाले. बोईसरच्या खोलीला अजून कोणी मिळालेला नाही. आणि या खोल्यांत राहणाऱ्यांत पाड्यांवरून आलेली वारली कुटुंबेही आहेत. भिंतीपलीकडचे दाखवणारी चित्रभाषा त्यांच्या हातात आहे.

ती भाषा थकलेली नाही, याचा पुरावा मला एका लहानशा पुस्तकात सापडतो. चेन्नईच्या तारा बुक्सचे ‘डू!’ हे मुलांचे पुस्तक क्रियापदांचे आहे. रांधणे, खाणे, काम करणे अशा रोजच्या क्रिया वारली आकृत्यांनी पानभर मांडल्या आहेत. गीता वुल्फ यांच्यासोबत चित्रकार म्हणून चार नावे आहेत: रमेश हेंगडी, रसिका हेंगडी, शांताराम धडपे आणि कुसुम धडपे. बायकांची नावे नवऱ्यांच्या नावांच्या बरोबरीने छापलेली आहेत, आणि विषयात घरकाम परत आले आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या, हा योगायोग मानायला मी तयार नाही. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे चित्रकार भाऊ ‘द डीप’ या पुस्तकात समुद्राच्या तळाशी उतरले, म्हणजे विषयाचे धाडस नव्या पिढीत भरपूर आहे. त्यातले थोडे धाडस घराच्या आत वळावे. चित्रात बारीक ठिपके आणि पाने भरणाऱ्या बायका-मुली अनेक घरांत असतात, सही मात्र एकाचीच होते. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आणि पुरस्कार देणाऱ्यांनी चित्रामागची सगळी नावे मागायला सुरुवात करावी. धवलेरींना आणि चौक लिहिणाऱ्या सवासिणींना कार्यशाळांत शिकवायला बोलवावे आणि मानधन द्यावे. बोईसरमध्ये एक कार्यशाळा फक्त ‘आमची खोली’ या विषयावर घ्यावी, कागद मोठा द्यावा आणि तारपा काढू नका असे आधीच सांगून टाकावे.